तंतुकणिकेची रचना आणि तिचे काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तंतुकणिका म्हणजे मायटोकॉन्ड्रिया: अन्नातल्या ऊर्जेतून एटीपी हा पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू बनवणारे पेशीतले अंगक. सोलापूर जिल्ह्यातले अकरावी-बारावी विज्ञानाचे, बी.एस्सी.चे आणि नीटची तयारी करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. त्यांत काही प्रश्न द्राक्षबागायतदारांचेही आहेत, कारण फवारणीच्या काही औषधांचा थेट संबंध तंतुकणिकेशी येतो. पुस्तकात जे धड दिलेले असते ते इथे थोडक्यात आटोपले आहे. जिथे हमखास घोटाळा होतो तिथे जरा थांबलो आहोत.

तंतुकणिका केवढी असते? आपल्या कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकातून दिसते का?

जाडी साधारण 0.5 ते 1 मायक्रोमीटर आणि लांबी 1 ते 10 मायक्रोमीटर. साध्या प्रकाश सूक्ष्मदर्शकाला 0.2 मायक्रोमीटरपर्यंतचे तपशील वेगळे दाखवता येतात, म्हणून योग्य रंग दिला तर तंतुकणिका ठिपक्यासारखी किंवा बारीक काडीसारखी दिसते. आतली पटले मात्र दिसणार नाहीत. एकेका पटलाची जाडी 5 ते 7 नॅनोमीटर असते, आणि तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो. आतल्या घड्यांची पहिली स्पष्ट चित्रे 1950 नंतरच्या दोन-तीन वर्षांत मिळाली, ती त्यामुळेच. तंतुकणिका हे नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीचे आहे. कार्ल बेंडा यांनी 1898 मध्ये ते दिले.

पुस्तकातल्या चित्रात ती एकटी, कॅप्सूलसारखी पडलेली असते. जिवंत पेशीत ती सतत हलते, दुसरीला जोडली जाते, तुटते, जाळे करते. आकृती म्हणजे त्या हालचालीतला एक थांबलेला क्षण, एवढे लक्षात असू द्या.

दोन पटले कशाला? एकाने भागले नसते का?

नसते, कारण दोघांची कामे एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

बाह्यपटल ढिले असते. त्यात पोरिन नावाच्या प्रथिनांची छिद्रे असतात आणि सुमारे 5000 डाल्टनपर्यंतचे रेणू त्यांतून सहज ये-जा करतात. पायरुव्हेट, एडीपी, एटीपी, फॉस्फेट यांना इथे कोणी अडवत नाही.

आंतरपटल याच्या उलट कमालीचे कडक असते. त्यातून प्रोटॉनसुद्धा आपल्या मनाने जाऊ शकत नाही. इलेक्ट्रॉन वाहून नेणारा एनएडीएच हा रेणूही जाऊ शकत नाही. जे काही आत-बाहेर जायचे त्याला ठरावीक वाहक प्रथिन लागते. या पटलाच्या वजनात जवळजवळ तीन चतुर्थांश वाटा प्रथिनांचा असतो. पेशीतल्या इतर कुठल्याही पटलात इतकी दाटी क्वचितच सापडेल. शिवाय कार्डिओलिपिन नावाचे चार शेपट्यांचे मेद जवळजवळ फक्त याच पटलात आढळते आणि इथल्या मेदांपैकी सुमारे पाचवा हिस्सा तेच असते. इलेक्ट्रॉन वहन साखळीतल्या (तिच्याबद्दल पुढच्या उत्तरात) प्रथिनांना ते जागेवर धरून ठेवते.

परीक्षेत ‘रचना आणि कार्य यांचा संबंध स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरे ‘घड्यांमुळे पृष्ठफळ वाढते’ इथेच संपतात. ते बरोबर आहे, पण निम्मेच. आमच्या मते पहिला मुद्दा आंतरपटलाच्या अभेद्यतेचा असायला हवा. पृष्ठफळ कितीही वाढवा, पटल गळके असेल तर एटीपी तयार होणार नाही. खाली जवळजवळ प्रत्येक उत्तरात हाच मुद्दा वेगवेगळ्या वाटेने पुन्हा येईल.

एटीपी नेमके तयार कसे होते? ‘प्रोटॉन उतार’ म्हणजे काय?

आंतरपटलाच्या आतल्या द्रवात, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, अन्न तोडणारे क्रेब्ज चक्र फिरते आणि एनएडीएच तयार होते. एनएडीएच आपले इलेक्ट्रॉन आंतरपटलातल्या पहिल्या संकुलाला देते. तिथून ते को-एन्झाइम क्यू, तिसरे संकुल, सायटोक्रोम सी, चौथे संकुल असे पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी बनते. इलेक्ट्रॉन सरकताना सुटणाऱ्या ऊर्जेवर ही संकुले मॅट्रिक्समधले प्रोटॉन दोन पटलांमधल्या फटीत ढकलतात. एका एनएडीएचमागे पहिले संकुल 4, तिसरे 4 आणि चौथे 2, असे एकूण 10. एफएडीएच-टू हा दुसरा वाहक आपले इलेक्ट्रॉन दुसऱ्या संकुलाला देतो; ते प्रोटॉन ढकलत नाही, त्यामुळे एफएडीएच-टूमागे 6 च मिळतात.

बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. पटलाच्या दोन बाजूंत 150 ते 180 मिलिव्होल्टचा फरक पडतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पटल जेमतेम 5 नॅनोमीटर जाड आहे. भागाकार केला तर मीटरला सुमारे 3 कोटी व्होल्ट येतात. कोरड्या हवेत ठिणगी पडायला याच्या दहाव्या हिश्श्याएवढे क्षेत्र पुरते. हा ताण हे पटल जन्मभर पेलते.

परत आत यायला प्रोटॉनला एकच मोठी वाट असते, ती म्हणजे एटीपी सिंथेज. त्यातून प्रोटॉन जाताना पटलात बसलेले प्रथिनांचे चाक फिरते, चाकाबरोबर दांडा फिरतो, आणि मॅट्रिक्सकडे असलेल्या डोक्यातल्या तीन जागा दांड्याच्या धक्क्याने आळीपाळीने आकार बदलतात. एका फेऱ्यात 3 एटीपी. सस्तन प्राण्यांत चाकाला 8 भाग असतात, म्हणजे एका फेऱ्याला 8 प्रोटॉन खर्ची पडतात.

उजनी धरणाच्या पायथ्याचे वीजघर आठवा. भिंतीमागे पाणी अडले आहे म्हणून जनित्र फिरते, आणि भिंतीला भगदाड पडले तर पाणी भरपूर असूनही वीज शून्य. तिथला 12 मेगावॅटचा संच उलटा चालवून पाणी परत वर चढवता येईल असा बांधलेला आहे. एटीपी सिंथेजही तसेच उलटे चालते. ऑक्सिजन तुटला आणि उतार कोसळला की ते एटीपी मोडून प्रोटॉन बाहेर ढकलू लागते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्त न पोहोचलेल्या स्नायूतले एटीपी इतक्या वेगाने संपण्याचे हे एक कारण आहे. त्याला आवर घालणारे आयएफ-वन नावाचे छोटे प्रथिन मॅट्रिक्स आम्लधर्मी होताच सिंथेजला चिकटून ते थांबवते.

प्रोटॉन उताराची ही कल्पना पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये मांडली. तेव्हा फारसे कोणी ती मानली नाही. 1978 मध्ये तिला नोबेल मिळाले. फिरणाऱ्या सिंथेजच्या कामाबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना 1997 मध्ये मिळाले.

एका ग्लुकोजपासून एटीपी किती? 36, 38 की 32?

परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकात जो आकडा आहे तोच लिहा. खरा हिशेब असा. एक एटीपी तयार करून ते मॅट्रिक्सबाहेर पोहोचवायला सुमारे 4 प्रोटॉन लागतात: तीनच्या आसपास चाक फिरवायला आणि एक एटीपी-एडीपीची अदलाबदल व फॉस्फेट आत आणण्यासाठी. म्हणून एनएडीएचमागे 10 भागिले 4 म्हणजे 2.5 आणि एफएडीएच-टूमागे 1.5.

तंतुकणिकेतले 8 एनएडीएच म्हणजे 20. दोन एफएडीएच-टू म्हणजे 3. ग्लायकोलायसिस (पेशीद्रवात ग्लुकोज तोडण्याचा पहिला टप्पा) आणि क्रेब्ज चक्रातले थेट मिळणारे 4. ग्लायकोलायसिसचे 2 एनएडीएच पेशीद्रवात असतात आणि आंतरपटल त्यांना आत घेत नाही, म्हणून फक्त त्यांचे इलेक्ट्रॉन आत पाठवले जातात. कुठल्या वाटेने पाठवले त्यावर 3 किंवा 5 मिळतात. बेरीज 30 किंवा 32. जुन्या पुस्तकांनी 2.5 ऐवजी 3 आणि 1.5 ऐवजी 2 धरले, म्हणून 38 किंवा 36 आले. पटलातून थोडी गळती नेहमीच चालू असते, त्यामुळे जिवंत पेशीत 30 सुद्धा पूर्ण हाती येत नाहीत.

शिखांचे काम फक्त पृष्ठफळ वाढवणे एवढेच का?

नाही. शिखा म्हणजे आंतरपटलाच्या आत वळलेल्या घड्या. यकृताच्या पेशीत आंतरपटलाचे क्षेत्र बाह्यपटलाच्या सुमारे पाचपट असते, हे खरेच. पण शिखेचा आकार बारकाईने पाहा. शिखा जिथून फुटते ते तोंड अगदी अरुंद, 20 ते 30 नॅनोमीटरच्या आसपास असते. मिकॉस नावाचा प्रथिनसमूह ते तोंड आवळून धरतो आणि ओपीए-वन प्रथिन त्याला मदत करते. त्यामुळे शिखेच्या आतली पोकळी जवळजवळ बंद कप्पा बनते. सायटोक्रोम सी या कप्प्यात अडकून राहते. तोंड सैल पडले आणि बाह्यपटलही फुटले, तर तेच सायटोक्रोम सी बाहेर पडून पेशीला मरणाचा आदेश देते.

दुसरी गोष्ट शिखेच्या काठाची. एटीपी सिंथेज तिथे जोडी-जोडीने रांगेत बसतात. प्रत्येक जोडीचे दोन भाग एकमेकांशी कोन करून असतात, आणि पटलाला वाकवणारे तेच असतात. म्हणजे घडी आधी आणि यंत्र नंतर असा क्रम नाही. यंत्राच्या बसण्यातूनच घडीचा काठ तयार होतो. यीस्टमध्ये ही जोडी जुळवणारे उपघटक काढून टाकले तर शिखा कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या एकात एक गुंडाळलेल्या दिसतात.

सगळ्या पेशींत तंतुकणिका सारख्याच असतात का?

अजिबात नाही. यकृताच्या एका पेशीत हजार ते दोन हजार असतात. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ तिसरा हिस्सा तंतुकणिकांनीच व्यापलेला असतो आणि त्यांच्या शिखा दाट, एकीला एक लागून असतात. अधिवृक्क ग्रंथीत स्टेरॉइड संप्रेरके बनवणाऱ्या पेशींत शिखा नळीसारख्या असतात. माणसाच्या परिपक्व तांबड्या रक्तपेशीत एकही तंतुकणिका नसते, त्यामुळे ती वाहून नेत असलेला ऑक्सिजन स्वतः खात नाही आणि ग्लायकोलायसिसवर भागवते.

आकृतीत गुण कुठे जातात?

चार जागी. शिखा पलीकडच्या भिंतीला टेकवून खोल्या पाडल्या जातात; मॅट्रिक्स सलग असते, ते तुटता कामा नये. बाह्यपटलालाही घड्या दाखवल्या जातात. ते गुळगुळीत असते. एफ-वन कणांची, म्हणजे एटीपी सिंथेजची, डोकी फटीकडे काढली जातात. ती मॅट्रिक्सकडेच हवीत, कारण एटीपी तिथे तयार होते. आणि डीएनए सरळ दोरीसारखा काढला जातो. तो वर्तुळाकार दाखवा. रायबोझोम 70एस असे लिहिले तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे चालते, पण सस्तन प्राण्यांत ते 55एस असतात.

क्रेब्ज चक्राची सगळी विकरे मॅट्रिक्समध्ये असतात हे वाक्यही अपुरे आहे. सक्सिनेट डीहायड्रोजनेज आंतरपटलात बसलेले असते. वहन साखळीतले दुसरे संकुल ते हेच.

जेनस ग्रीनचे प्रात्यक्षिक कसे करायचे? आमची स्लाइड नेहमी फसते.

तंतुकणिका दाखवणारा रंग म्हणजे जेनस ग्रीन बी, 0.01 टक्के. शाळेच्या तराजूवर 10 मिलिग्रॅम नीट मोजता येत नाहीत, म्हणून 0.1 ग्रॅम रंग 100 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून ठेवा आणि वापरण्याआधी त्यातले 10 मिली घेऊन 100 मिली करा. कांद्यासाठी पाणी चालते. गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या असतील तर 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात पातळ करा.

कांद्याच्या आतल्या खवल्याची पोटाकडची साल घ्या. तुकडा 5 मिलिमीटरपेक्षा मोठा नको. स्लाइडवर रंगाचे दोन थेंब, त्यात साल सुरकुती न पडता पसरा, 5 ते 10 मिनिटे थांबा, मग आच्छादन काच ठेवा. आधी 10 पटीच्या, मग 40 पटीच्या भिंगाखाली पाहा. पेशीभित्तीलगतच्या पेशीद्रवात सरकणारे निळसर-हिरवे बारीक ठिपके म्हणजे तंतुकणिका.

रंग तिथेच का टिकतो? पेशीद्रवात या रंगाचे क्षपण होऊन तो फिका पडतो. तंतुकणिकेत चौथे संकुल त्याला ऑक्सिडीकृत, म्हणजे रंगीत, ठेवते. अर्थात पेशी जिवंत आणि ऑक्सिजन हाताशी हवा.

फसण्याची कारणेही यातूनच निघतात. रंग जास्त दाट झाला तर पेशी मरते आणि केंद्रकासह सगळेच निळे होते. फॉर्मालिनमधल्या नमुन्यावर हा रंग चालत नाही. आच्छादन काचेखाली ऑक्सिजन संपला की ठिपके आधी गुलाबी होतात, मग दिसेनासे होतात. म्हणून सगळ्या वर्गाने एकच स्लाइड तासभर पाहायची नाही. सोलापुरात मार्च ते मे या काळात प्रयोगशाळेत पंखा चालू असताना स्लाइड पाच-सात मिनिटांत कडेने सुकू लागते. ड्रॉपरने काचेच्या कडेला थेंब देत राहा. गालाच्या पेशींवर चिकटलेले जिवाणूही तसेच ठिपके दिसतात. पेशीच्या कडेबाहेरही ठिपके असतील तर ते जिवाणू समजा.

ज्वारीच्या बियाण्याची टीटीसी चाचणी तंतुकणिकेचीच चाचणी आहे का?

बऱ्याच अंशी. टीटीसी हा रंगहीन क्षार आहे. जिवंत पेशीतल्या डीहायड्रोजनेज विकरांकडून इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचा लाल, न विरघळणारा फॉर्मॅझान होतो.

मालदांडीचे 100 दाणे 16 ते 18 तास पाण्यात भिजवा. ब्लेडने अंकुरातून उभे दोन भाग करा, एक भाग ठेवा. 1 टक्का टीटीसीमध्ये, अंधारात, 30 ते 35 अंशांवर 3 ते 4 तास ठेवून धुवा आणि भिंगाखाली पाहा. शेजारी 10 मिनिटे उकळलेले दाणे तुलनेसाठी असू द्या. ते लाल होता कामा नयेत. द्रावणाचा सामू 6.5 ते 7.5 हवा. बोअरचे पाणी वापरू नका. द्रावण उजेडात राहिले तर ते आपोआप गुलाबी होते.

दाण्याचा पिठूळ भाग पांढराच राहतो म्हणून बियाणे मेले असे समजू नका. पक्व दाण्यात त्या पेशी मेलेल्याच असतात. लाल व्हायला हवा तो अंकुर.

कधी टीटीसीत 90 दाणे लाल होतात आणि कुंडीत उगवतात 75. चाचणी विकरे काम करतात का एवढेच सांगते, आंतरपटल शाबूत आहे का हे सांगत नाही. जुन्या किंवा ओल लागलेल्या बियाण्यात विकरे टिकतात, पण पटले गळकी होतात. इलेक्ट्रॉन मिळतात, पण एटीपी पुरेसे होत नाही.

तंतुकणिकेला स्वतःचा डीएनए का असतो?

ती मुळात स्वतंत्र जिवाणू होती आणि दुसऱ्या पेशीत वस्तीला आली, हे मत आज सर्वमान्य आहे. लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ते पुन्हा जोरकसपणे मांडले. माणसाच्या तंतुकणिकेचा डीएनए 16,569 जोड्यांचा असून त्यात 37 जनुके आहेत: 13 प्रथिनांची, 22 टीआरएनएची आणि 2 रायबोझोमच्या आरएनएची. तंतुकणिकेतली बाकीची हजारभर प्रथिने केंद्रकातल्या जनुकांवरून बाहेर बनतात आणि दोन्ही पटलांतल्या दारांतून उलगडलेल्या साखळीच्या रूपात आत घेतली जातात. ती 13 प्रथिने मात्र सगळीच्या सगळी आंतरपटलातली, वहन साखळीची किंवा सिंथेजची आहेत.

तंतुकणिकेचे आजार आईकडूनच येतात ना? मग मामाच्या मुलीशी लग्न केले तर काय फरक पडतो?

इथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तंतुकणिकेच्या डीएनएतला दोष आईकडूनच येतो. लेबरचा दृष्टिचेतेचा आजार हे त्याचे उदाहरण. अशा दोषाला नात्यातल्या लग्नाने फरक पडत नाही.

पण तंतुकणिकेची बहुतेक प्रथिने केंद्रकातून येतात, आणि त्या जनुकांतले बरेच दोष आईवडील दोघांकडून आले तरच आजार होतो. सख्ख्या मामे-आते भावंडांची सरासरी आठव्या हिश्श्याएवढी जनुके सारखी असतात. त्यांच्या मुलात दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता दर जनुकामागे सोळात एक असते. मामा-भाचीच्या लग्नात ती आठात एक होते. घरात अशा आजाराचे मूल आधीच असेल तर पुढच्या गर्भधारणेपूर्वी जनुकीय समुपदेशन घ्यावे.

आईकडच्या नात्यात इंजेक्शनांनंतर बहिरेपणा आल्याची उदाहरणे असतील तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगा. तंतुकणिकेच्या डीएनएत 1555 क्रमांकाच्या जागी ए ऐवजी जी हे अक्षर असेल तर तंतुकणिकेचा रायबोझोम जिवाणूच्या रायबोझोमसारखा होतो, आणि जेंटामायसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन त्यालाही चिकटते.

वजन उतरवायला ‘तंतुकणिका सैल करणाऱ्या’ गोळ्या मिळतात म्हणे?

डायनायट्रोफेनॉल, म्हणजे डीएनपी. कोणत्याही डोसमध्ये घेऊ नका. हा रेणू प्रोटॉन घेऊन थेट आंतरपटलातून आत शिरतो. साखळी जोरात धावते, अन्न जळते, पण ऊर्जा एटीपीत न जाता उष्णता होऊन बाहेर पडते. 1930 च्या दशकात अमेरिकेत तो वजन कमी करायला दिला गेला. लोक तापाने भाजून गेले, काहींना मोतीबिंदू झाले, आणि 1938 मध्ये त्याचा वापर थांबवावा लागला. त्याला उतारा नाही. बाहेर 43 अंश असताना तर शरीराला ती उष्णता टाकायला जागाच उरत नाही.

बाळांच्या तपकिरी चरबीत हीच गळती शरीर मुद्दाम करते, पण तिथे यूसीपी-वन हे प्रथिन गरजेप्रमाणे उघडते आणि मिटते.

तंतुकणिका वाढवायच्या असतील तर नियमित चालणे-पळणे हाच खात्रीचा उपाय. जॉन हॉलोझी यांनी 1967 मध्ये उंदरांना पळवून त्यांच्या स्नायूंतली श्वसनाची क्षमता जवळपास दुप्पट होते हे दाखवले. ‘बूस्टर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या डब्यांवर निरोगी माणसाने पैसे घालवावेत असे आम्हाला वाटत नाही.

धान्यात ठेवायच्या गोळ्या इतक्या घातक का?

ॲल्युमिनियम फॉस्फाइडला ओलावा लागला की फॉस्फीन वायू सुटतो आणि तो चौथ्या संकुलाला अडवतो. रक्तात ऑक्सिजन असतो, पण पेशीला तो वापरता येत नाही. हृदय सगळ्यात आधी ढासळते. ठरलेला उतारा नाही. झोपायच्या खोलीत किंवा तिला लागून असलेल्या कोठीत या गोळ्या ठेवू नका. त्या फक्त बंदिस्त गोदामात, प्रशिक्षित माणसाकडूनच वापराव्यात.

द्राक्षावर ॲझॉक्सिस्ट्रोबिन पूर्वीसारखे का लागू पडत नाही?

हे औषध बुरशीच्या तंतुकणिकेतल्या तिसऱ्या संकुलाला, त्यातल्या सायटोक्रोम बी या प्रथिनाला, चिकटते आणि इलेक्ट्रॉनची वाट बंद करते. सायटोक्रोम बीचे जनुक तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत असते. त्या प्रथिनातल्या 143 व्या जागी ग्लायसीनऐवजी ॲलानिन आले की औषधाला बसायला जागा राहत नाही, पण साखळी चालू राहते. एवढ्या एका बदलाने केवडा आणि भुरी दोन्हींच्या बुरशी औषधाला दाद देईनाशा होतात. डोस वाढवूनही उपयोग होत नाही, कारण औषध कमी पडत नाही, त्याची जागाच नाहीशी झालेली असते.

नाव बदलून दुसरे स्ट्रोबिल्युरिन घेतले तरी तेच, कारण ट्रायफ्लॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन ही सगळी त्याच जागी बसतात. डब्यावरचा गट क्रमांक पाहा. 11 असेल तर लागोपाठ दोनदा मारू नका, हंगामात एक-दोन फवारण्यांवर थांबा, आणि मधे वेगळ्या गटाचे किंवा मँकोझेबसारखे अनेक ठिकाणी मारा करणारे औषध घ्या. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ लेबलवर असेल तोच पाळा.

डाळिंबावरच्या तेल्यासाठी यातले काहीही मारू नका. तो रोग जिवाणूचा आहे, आणि स्ट्रोबिल्युरिन हे बुरशीनाशक आहे.